थांबल्यावर गाडी बंद करावी की चालूच ठेवावी? पेट्रोल खरंच वाचतं का?

ओळखीचा_रस्ता:
बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून विचारते. माझी गाडी साधी पेट्रोल, मॅन्युअल, १२०० सीसी, त्यात ते आपोआप बंद-चालू होणारं स्टार्ट-स्टॉप नाहीये. मोठ्या सिग्नलला किंवा रेल्वे फाटकात अडकलं की मी गाडी बंद करते आणि बाबा शेजारी असतील तर लगेच म्हणतात की अगं राहू दे चालू, परत सेल्फ मारलास की वाचलं त्याच्या दुप्पट पेट्रोल जाईल, शिवाय बॅटरी आणि स्टार्टर खराब होईल ते वेगळंच. आता बाबांनी आयुष्यभर गाडी चालवलीये, स्वतः बोनेट उघडून कामं केलीयेत, ते उगाच काहीतरी बोलणार नाहीत हे मला माहितीये. पण मग नवीन गाड्यांमध्ये कंपनीच ते स्टार्ट-स्टॉप का देते? नुकसान असतं तर दिलं असतं का?

आणि सिग्नल सोडा, माझा जास्त वेळ जातो तो आईला फिजिओथेरपीला सोडून बाहेर वाट बघण्यात. कधी दहा मिनिटं कधी अर्धा तास. तेव्हा गाडी चालू ठेवून एसीत बसायचं की बंद करायची? किती सेकंदांच्या वर थांबायचं असेल तर बंद करणं परवडतं, असा काही हिशोब आहे का? कृपया "मला वाटतं" पेक्षा कारण सांगा, म्हणजे घरी बाबांना नीट सांगता येईल.

पाना_१०_११:
ताई, तुमचे बाबा चुकीचं सांगत नाहीयेत, ते कार्ब्युरेटरच्या गाडीबद्दल सांगतायत आणि त्या गाडीला ते अगदी लागू होतं. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल मोजून द्यायला कोणी नसायचं. हवा जेवढी ओढली जाईल त्या हिशोबाने पेट्रोल आपोआप खेचलं जायचं. सेल्फ मारताना इंजिन इतकं हळू फिरतं की ती ओढ पुरत नाही, म्हणून चोक ओढायचा, नाहीतर दोन-तीनदा ॲक्सिलरेटर दाबायचा. तो दाबला की आतला छोटा पंप कच्चं पेट्रोल थेट मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीत) फवारायचा. त्यातलं बरंचसं भिंतींना चिकटून वाया जायचं. इंजिन गरम असेल तर अजून पंचाईत, बंद केल्यावर फ्लोट बोलमधलं पेट्रोल उष्णतेने उकळून आत वाफ भरायची आणि मग गाडी फ्लड होऊन (आत नको तेवढं पेट्रोल जाऊन) घर्र घर्र करत बसायची. तेव्हा थोडा वेळ थांबायचं असेल तर चालू ठेवणं हेच शहाणपणाचं होतं.

आता काय बदललं, तर इंजेक्टर (पेट्रोल मोजून फवारणारा) आला आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा छोटा कॉम्प्युटर आला. क्रँकशाफ्टवर सेन्सर असतो, इंजिन कुठल्या कोनात आहे ते ईसीयूला कळतं, कूलंट किती गरम आहे ते कळतं, आणि त्या हिशोबाने ते मोजून पेट्रोल सोडतं. इंजिन गरम असताना सेल्फ मारला की साधारण सेकंदाच्या आत गाडी पकडते, ॲक्सिलरेटरला पाय लावायची गरजच नाही. (खरं तर लावूच नका, सवय असेल तर सोडा.) सुरू होताना थोडं जास्त पेट्रोल जातं, नाही असं नाही, पण ते आयडलिंगच्या, म्हणजे उभ्या गाडीचं इंजिन नुसतं चालू ठेवण्याच्या, काही सेकंदांएवढंच.

अमेरिकेच्या अरगॉन नॅशनल लॅबोरेटरीने हे मोजून बघितलंय. त्यांचं म्हणणं की १० सेकंदांपेक्षा जास्त उभं राहायचं असेल तर बंद करून परत चालू करण्यात इंधन कमी जातं आणि कार्बन डायऑक्साइडही कमी निघतो. बाबांना हे सांगा.

आकडेमोड:
वर पाना भाऊंनी १० सेकंद सांगितले ते बरोबर आहे, पण तो आकडा येतो कुठून ते घरच्या घरी कागदावर काढता येतं आणि मला वाटतं तसं काढून दाखवलं की कोणालाही पटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर खालचे आकडे तेवढे बघा.

आधी उभ्या गाडीचं पेट्रोल. छोट्या-मध्यम पेट्रोल गाडीचं इंजिन ७०० ते ९०० आरपीएमवर नुसतं फिरत असतं तेव्हा एसी बंद असेल तर तासाला साधारण ०.६ ते ०.८ लिटर पेट्रोल खातं. आपण ०.७ धरू. म्हणजे ७०० मिली भागिले ३६०० सेकंद, सेकंदाला जवळपास ०.२ मिली. मिनिटाला १२ मिली. दहा मिनिटांत ११५-१२० मिली, म्हणजे अर्धा पेला पेट्रोल आणि गाडी जागची हललेली नाही.

आता सेल्फ. छोट्या पेट्रोल गाडीचा स्टार्टर साधारण १५० अँपिअर ओढतो, तेव्हा बॅटरीचा व्होल्टेज १० च्या आसपास पडतो, म्हणजे दीड किलोवॅट. गरम इंजिनला एक सेकंद धरू (बहुतेक वेळा त्याहून कमी लागतो). झाले १.५ किलोज्यूल. ही वीज नंतर अल्टरनेटरला भरून काढावी लागते आणि ती शेवटी पेट्रोलमधूनच येते. एक मिली पेट्रोलमध्ये ३२ किलोज्यूलच्या आसपास ऊर्जा असते, पण इंजिनात त्यातला पाव हिस्साही धड कामाला येत नाही, मग पट्टा, अल्टरनेटर, बॅटरी चार्ज होताना जाणारं, सगळं वजा करून वीज म्हणून हातात पडतात फार तर ३ किलोज्यूल. म्हणजे एका सेल्फची भरपाई करायला अर्धा मिली पेट्रोल. अर्धा मिली म्हणजे अडीच-तीन सेकंदांचं आयडलिंग! त्यात इंजिन पकडताना जे जादा पेट्रोल फवारलं जातं ते घाला, तरी १० सेकंदांच्या आतच बसतं. १० हा आकडा म्हणजे सगळी गळती धरून वर थोडी मोकळीक ठेवलेला आहे.

वर्षाचं बघा. रोज पंधरा मिनिटं उभ्या गाडीचं इंजिन चालू राहत असेल आणि वर्षातले ३०० दिवस धरले तर ७५ तास, म्हणजे ५० लिटरच्या वर पेट्रोल. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, तर हे झाले ११५-१२० किलो. एकाच गाडीचे, तेही न चालता.

तिसऱ्यांदा_क्लचप्लेट:
कागदावर सगळं छान आहे हो पण मला हे अर्धंच पटतं. तुम्ही सगळे फक्त पेट्रोल मोजताय. सिग्नल ४० सेकंदांचा, त्यातले १० गेले, राहिले ३०, म्हणजे वाचलं काय तर ६ मिली. त्या ६ मिलीसाठी मी दर सिग्नलला सेल्फ मारायचा? ज्या गाडीत कंपनीने स्टार्ट-स्टॉप दिलंय त्यात स्टार्टर वेगळा असतो, बॅटरी वेगळी असते, हे कोणी बोलतच नाहीये. साध्या गाडीचा स्टार्टर दिवसाला पाच-सहा वेळा फिरवायच्या हिशोबाने बनवलाय, साठ वेळा नाही. त्याचे कार्बन ब्रश, बेंडिक्सचे (इंजिनाला फिरवायला पुढे येणाऱ्या चक्राचे) दाते, सोलेनॉइडचा (स्टार्टरच्या विजेच्या स्विचचा) कॉन्टॅक्ट, हे सगळं झिजणाऱ्या वस्तू आहेत. शिवाय इंजिन सुरू होताना सर्वात जास्त झीज होते हे तर सगळ्यांना माहीत आहे.

पाना_१०_११:
@तिसऱ्यांदा_क्लचप्लेट स्टार्टरचा मुद्दा एकदम मान्य, आणि बरं झालं काढलात. स्टार्ट-स्टॉपवाल्या गाडीत स्टार्टर कितीतरी पट जास्त वेळा फिरेल असा बनवलेला असतो, ब्रश जाड, दाते मजबूत. बॅटरी ईएफबी किंवा एजीएम असते, जी पुन्हा पुन्हा थोडी रिकामी होऊन भरण्याला टिकते. (ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांनी बॅटरी बदलताना त्याच जातीची टाका, साधी टाकली तर वर्षभरात रडत येईल.) बेअरिंगलाही काही कंपन्या वेगळा लेप देतात.

पण झिजेचं जे म्हणालात ते थंड इंजिनाचं आहे. रात्रभर उभ्या गाडीतलं तेल खाली संपमध्ये उतरलेलं असतं, दाट झालेलं असतं, वर पोचायला वेळ लागतो, तेव्हा धातूला धातू घासतो. दोन मिनिटांपूर्वी बंद केलेल्या गरम इंजिनात बेअरिंगवर तेलाचा थर तसाच असतो. ती झीज आणि सकाळची झीज एका मापात धरू नका.

म्हणून मी गाड्या दुरुस्तीला येतात त्यांना जे सांगतो तेच इथे सांगतो. साधी गाडी असेल तर दर छोट्या सिग्नलला चालू-बंद करत बसू नका. ज्या सिग्नलला आकडा दिसतो आणि मिनिटाच्या वर बाकी आहे, फाटक आत्ताच पडलंय, पुढे पार ठप्प झालंय आणि लोक गाडीतून उतरून बघतायत, कोणीतरी "आलोच" म्हणून आत गेलंय, तिथे बंद करा. १० सेकंद हा पेट्रोलचा हिशोब झाला, स्टार्टर धरून मी साध्या गाडीला एक मिनिट धरतो. आणि खरं पेट्रोल जातं ते सिग्नलला नाहीच, ते जातं उभ्या गाडीत बसून फोनवर बोलण्यात आणि कोणाची तरी वाट बघण्यात. ताईंचा अर्धा तास म्हणजे आकडेमोडच्या हिशोबाने ३५० मिली, एसी लावला तर त्याहून बरंच जास्त. तिथे एकदाच सेल्फ मारायचा आहे, त्यात स्टार्टरचा प्रश्नच येत नाही.

आकडेमोड:
बॅटरीबद्दल एक राहिलं. लोक सेल्फला घाबरतात पण एक सेल्फ म्हणजे १५० अँपिअर गुणिले एक सेकंद, अँपिअर-तासात ०.०४ च्या आसपास. ३५-४० अँपिअर-तासाच्या बॅटरीचा हजारावा हिस्सा. गाडी निघाल्यावर पाव-अर्ध्या मिनिटात भरून निघतो.

बॅटरी रिकामी होते ती इंजिन बंद असताना चालू राहिलेल्या गोष्टींनी. दोन हॅलोजन हेडलाइट ५५-५५ वॅटचे, म्हणजे ९ अँपिअर. पंखा वरच्या स्पीडला तेवढेच. म्युझिक, चार्जर, बाकी किरकोळ, धरा एकूण २० अँपिअर. दोन मिनिटांत झाले ०.६७ अँपिअर-तास, म्हणजे सोळा सेल्फएवढे! रात्री फाटकात गाडी बंद केली की हेडलाइट पार्किंगवर आणा, पंखा कमी करा, मागच्या काचेचा डिफॉगर चालू असेल तर तो आधी बंद. मग बॅटरीला काही होत नाही.

सावकाश_चालवा:
पेट्रोलचं सगळं झालं, आता माझं ऐका, कारण हे कोणी लिहिलं नाही आणि मला हे पेट्रोलपेक्षा महत्त्वाचं वाटतं. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय इंजिन बंद करायचं नाही. लांबून लाल दिवा दिसला की न्यूट्रल टाकून किल्ली फिरवायची आणि गाडी तशीच घरंगळत न्यायची, किंवा घाटात उतारावर बंद करून सोडायची, हे करणारे लोक मी बघितलेत आणि प्रत्येक वेळी जीव वरखाली होतो. ब्रेकला जी ताकद मिळते ती बूस्टरमधल्या व्हॅक्यूममुळे आणि तो व्हॅक्यूम इंजिन बनवतं. इंजिन बंद झालं की साठलेल्या व्हॅक्यूमवर एक-दोनदा ब्रेक नीट लागतो, मग पेडल दगडासारखं होतं. पॉवर स्टिअरिंग जड होतं. आणि चुकून किल्ली पूर्ण मागे फिरून निघाली तर स्टिअरिंग लॉक होऊ शकतं, मग काय करणार?

आणि त्यात फायदा काहीच नाही हो. गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला ना, तर चाकंच इंजिनाला फिरवत असतात आणि ईसीयू पेट्रोल जवळजवळ पूर्ण तोडतं, आरपीएम आयडलच्या जवळ येईपर्यंत. उलट न्यूट्रल टाकलं की इंजिनाला स्वतः फिरत राहायला पेट्रोल द्यावं लागतं. म्हणजे लाल दिवा दिसल्यावर नुसतं ॲक्सिलरेटर लवकर सोडून गिअरमध्ये येणं हेच सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात सुरक्षित.

थांबल्यावर बंद केलीत तर आधी हँडब्रेक, मग न्यूट्रल, मग इंजिन. रस्त्यात मधोमध उभे असाल तर किल्ली ऑनवर परत आणा म्हणजे ब्रेकलाइट, इंडिकेटर चालू राहतात, कारण इग्निशन पूर्ण बंद असेल तर बहुतेक गाड्यांच्या एअरबॅगसुद्धा झोपलेल्या असतात. रांगेत पहिला नंबर असेल तर मी तरी बंद करत नाही. दिवा हिरवा झाला आणि घाईत गाडी पकडली नाही तर मागचे लोक काय करतात ते माहितीये सगळ्यांना.

काळा_धूर_नाही:
डिझेलवाल्यांसाठी. डिझेल उभं असताना पेट्रोलपेक्षा कमी खातं, कारण पेट्रोल इंजिनात आयडलला थ्रॉटलची झडप जवळपास मिटलेली असते आणि इंजिनाला त्या फटीतून हवा ओढायला जोर लावावा लागतो, डिझेलमध्ये तशी अडवणूक नसते. म्हणून "डिझेलला चालू ठेवलं तरी चालतं" असं लोक म्हणतात. पण डिझेलला दुसरं दुखणं आहे, नुसतं आयडलवर ठेवलं की सिलिंडर पुरेसे तापत नाहीत, जळण अर्धवट होतं आणि काजळी ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी झडप) आणि डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी गाळणी) यांच्यात साठत जाते. तेव्हा ज्याच्या डिझेल गाडीला डीपीएफ आहे त्याने तर नक्कीच अर्धा-अर्धा तास आयडलवर ठेवू नये. एकच अपवाद, डीपीएफची सफाई (साठलेली काजळी आपोआप जाळणं) चालू असेल (आयडल नेहमीपेक्षा वर, जळका वास, पंखा जोरात) तर मध्येच बंद करू नका, ती पूर्ण होऊ द्या.

दुसरं टर्बो, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा. हायवेला जोरात पळवून किंवा चढ चढून आलात आणि लगेच बंद केलंत तर टर्बोच्या तापलेल्या बेअरिंगमधलं तेल तिथेच जळून त्याची कडक पुटं होतात. अर्धा ते एक मिनिट आयडलवर ठेवून मग बंद करा. गावातल्या गावात हळू फिरून सिग्नलला थांबला असाल तर टर्बो तापलेलाच नसतो, तिथे ही काळजी नको. आजकाल छोट्या पेट्रोल गाड्यांनाही टर्बो असतो, त्यांनाही हेच. आणि मोठा ट्रक उभ्या उभ्या तासाला ३ लिटरच्या आसपास डिझेल खातो, तिथे रात्रभर इंजिन चालू ठेवून झोपणं म्हणजे केवढं नुकसान ते तुम्हीच मोजा.

ओळखीचा_रस्ता:
सगळ्यांचे खूप आभार, एवढं नीट कोणी सांगितलं नव्हतं. बाबांना कार्ब्युरेटरचा भाग वाचून दाखवला तर ते स्वतःच अजून दहा गोष्टी सांगायला लागले, चोक, फ्लोटची सुई, सगळं. १० सेकंदांचं काय मान्य नाही केलं अजून, पण फाटकात बंद करायला हरकत नाही म्हणाले.

आता दोन शेवटचे प्रश्न. एक, सकाळी घरातून निघाल्यावर पहिल्याच सिग्नलला बंद करावी का, इंजिन अजून गार असतं तेव्हा? आणि दोन, उन्हात एसी बंद करून बसणं खरंच अवघड आहे, त्यावर काही उपाय? आईला बरं नसतं तेव्हा ती पण गाडीतच बसून राहते.

पाना_१०_११:
एक नंबरचं, गार असताना बंद करू नका. तेव्हा ईसीयू मुद्दाम जास्त पेट्रोल देत असतं आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसुद्धा (सायलेन्सरच्या वाटेवर धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा) २५०-३०० अंशांना पोचल्याशिवाय काम करत नाही, त्यामुळे तो लवकर तापणं गरजेचं. स्टार्ट-स्टॉपवाली गाडीसुद्धा कूलंट गरम होईपर्यंत स्वतःहून बंद होत नाही, बॅटरी कमी असेल किंवा एसीला जोर लागत असेल तरी होत नाही. पण याचा अर्थ सकाळी दारात उभी करून पाच-दहा मिनिटं गरम करत ठेवायची असा नाही. अर्ध्या मिनिटात तेल वर पोचतं, मग निघा आणि पहिली काही मिनिटं आरपीएम वर नेऊ नका. चालताना इंजिन उभ्यापेक्षा लवकर तापतं. आणि एकदा तापलेला कन्व्हर्टर दोन-चार मिनिटं बंद ठेवल्याने गार पडत नाही, तीही काळजी नको.

एसीचं म्हणाल तर आई सोबत असेल आणि ऊन कडक असेल तर सरळ चालू ठेवा, तिथे पेट्रोल मोजू नका. बंद गाडी उन्हात काही मिनिटांत भट्टी होते, आजारी माणूस, लहान मूल, कुणालाच तसं बसवायचं नाही. एकट्या असाल तर पोचायच्या दोन मिनिटं आधी कॉम्प्रेसर बंद करून नुसता पंखा ठेवा, एसीची आतली कॉइल गार असते तोवर थंड हवा येत राहते, मग सावलीत लावा आणि काचा उघडा. ऑटोमॅटिकवाल्यांनी थांबून चालूच ठेवायची असेल तर डीमध्ये ब्रेक दाबून बसण्यापेक्षा एनमध्ये टाका, टॉर्क कन्व्हर्टरचा (ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असतो तो) भार इंजिनावरून उतरतो.

सावकाश_चालवा:
चालू ठेवून बसायचं असेल तर मोकळ्या हवेत. बंद गॅरेजमध्ये किंवा तळघराच्या पार्किंगमध्ये अजिबात नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, कळत नाही.

पाना_१०_११:
अगदी. आणि ताई, बंद-चालू करायची सवय लावायच्या आधी बॅटरी एकदा बघून घ्या. तीन-चार वर्षांची असेल तर विशेष. साधा मल्टिमीटर पुरतो. गाडी रात्रभर उभी असताना सकाळी १२.६ व्होल्टच्या आसपास यायला पाहिजे, १२.२ म्हणजे अर्धी रिकामी. इंजिन चालू केल्यावर साडेतेरा ते साडेचौदाच्या मध्ये, म्हणजे अल्टरनेटर ठीक. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली पडत असेल तर ती बॅटरी बदलायला आलीये, तिच्या भरवशावर फाटकात गाडी बंद करू नका, आधी बॅटरी बदला. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी असेल तर ती गरम पाण्याने धुवून, नट घट्ट करून मग परत मोजा, कधी कधी तेवढंच असतं.